वृद्धाश्रम बंद होतो आहे, आईला कुठे आणि कसे न्यावे?

पत्र : माझी आई ८४ वर्षांची असून गेली चार वर्षे पुण्याजवळच्या एका खासगी शुश्रूषा केंद्रात राहते. तिला मध्यम स्वरूपाचा डिमेन्शिया आहे. वॉकर धरून ती संडासापर्यंत जाते, बाकी सगळ्याला मदत लागते. गेल्या आठवड्यात नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संचालकांचा निरोप आला की, बंगल्याच्या मालकाने भाडेकरार वाढवून देण्यास नकार दिल्यामुळे केंद्र ४५ दिवसांत बंद होईल आणि इच्छुकांची सोय ६० किलोमीटरवरच्या दुसऱ्या शाखेत केली जाईल. आम्ही भरलेल्या दोन लाखांच्या अनामतीबद्दल त्यात अवाक्षरही नाही. मेलबर्नला असलेला माझा धाकटा भाऊ म्हणतो, आईला काही सांगू नकोस, डॉक्टरकडे जायचे आहे असे सांगून गाडीत बसव. नातेवाईक म्हणतात, आता तिला घरीच आण. आमचे ठाण्याचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, आणि यजमानांची नुकतीच अँजिओप्लास्टी झाली आहे. शिवाय आईच्या खोलीतल्या दुसऱ्या आजींना एका पुतण्याखेरीज कोणी नाही आणि तो फिरकत नाही. आई त्यांचा हात धरल्याशिवाय जेवत नाही. मी काय करावे? – एक मुलगी, ठाणे

उत्तर :

प्रिय ताई,

केंद्र बंद होणे थांबवणे तुमच्या हाती नाही, आणि त्यासाठी धावपळ करण्यात तुम्ही हा महिना घालवू नये. आई तिथून कशी निघेल, हे मात्र पुष्कळसे तुमच्या हाती आहे, आणि नवी जागा किती प्रशस्त आहे यापेक्षा या निघण्याच्या पद्धतीचा तिच्या प्रकृतीवर अधिक परिणाम होईल, असे मला वाटते.

या मताला आधार आहे. आल्ड्रिच आणि मेंडकॉफ या दोन अमेरिकी संशोधकांनी १९६३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. शिकागोतील एक जुनी संस्था बंद झाल्याने ज्या वृद्ध आणि अपंग रहिवाशांना इतरत्र हलवावे लागले, त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण त्यानंतरच्या काळात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, एरवीच्या अपेक्षेपेक्षा बरेच वाढल्याचे त्यांना आढळले. ज्यांनी बातमी ऐकून उघड राग व्यक्त केला, ते रहिवासी खचून गेलेल्या किंवा भान हरपलेल्या रहिवाशांपेक्षा चांगले तगले, हेही त्यांनी नोंदवले आहे. याच्या अगदी उलट चित्र इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात दिसले. तेथील महापालिकेने आपली वृद्धनिवासगृहे टप्प्याटप्प्याने बंद करताना प्रत्येक रहिवाशाची स्वतंत्र पाहणी केली, त्यासाठी सामाजिक कार्यकर्ते नेमले आणि घाई टाळली. या स्थलांतराचा जो अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यानुसार वर्षभरानंतर बहुतेकांची प्रकृती ढासळलेली नव्हती आणि काहींची तर सुधारली होती. तुमची आई यांपैकी कोणत्या गटाच्या जवळ जाईल, हे पुढच्या पाच आठवड्यांत ठरायचे आहे. म्हणून मी तुमचे प्रश्न तुम्ही लिहिले त्या क्रमाने न घेता आईच्या दृष्टीने जे आधी येते ते आधी घेतो.

पहिली गोष्ट दिवसांच्या हिशेबाची. बंद होऊ घातलेल्या केंद्रात शेवटच्या दिवसापर्यंत काळजी सारखीच घेतली जाईल असे कुणी धरून चालू नये. नोटीस लागली की सर्वांत आधी चांगल्या मावश्या दुसरीकडे काम शोधतात, कारण त्यांनाही पुढच्या महिन्याचा पगार हवा असतो आणि घरोघरी मावश्या पुरवणाऱ्या ब्युरोकडून त्यांना लगेच बोलावणे येते. मग रात्रपाळीला दोघींच्या जागी एक उरते, स्वयंपाकघरात पदार्थ कमी होतात, फिजिओथेरपिस्टच्या फेऱ्या थांबतात. अंथरुणाला खिळलेल्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवण्याचे काम लांबते आणि पाठीवर जखमा होतात त्या याच काळात. घाबरून पहिल्याच आठवड्यात जिथे जागा मिळेल तिथे आईला नेऊन ठेवणे जितके चूक, तितकेच शेवटच्या तुकडीत तिला मागे राहू देणे धोक्याचे आहे. मुदत संपण्याच्या साधारण दोन आठवडे आधीचा दिवस मनात धरा आणि तोपर्यंत तिची रोजची मावशी तिथे कामावर आहे ना, यावर लक्ष ठेवा. ती मावशी आधी जाणार असेल, तर तारीख अलीकडे घ्या.

आईला सांगावे की नाही, हा तुमच्या भावाचा आणि तुमचा खरा मतभेद दिसतो. मी तुमच्या बाजूचा आहे. डॉक्टरकडे जायचे म्हणून निघालेली बाई नव्या खोलीत पोहोचल्यावर साहजिकच परत जाण्याची वाट पाहत बसते, रोज संध्याकाळी पिशवी भरून दाराशी उभी राहते, आणि नव्या मावश्यांवर तिचा विश्वास बसत नाही, कारण तिथे नेताना तिला सांगितलेले पहिले वाक्यच खोटे निघालेले असते. डिमेन्शियात प्रसंग विसरले जातात. त्या प्रसंगाने दिलेली भीती किंवा फसवले गेल्याची भावना मात्र बराच काळ मागे उरू शकते. भाऊ हे निष्ठुरपणाने सुचवतो आहे असे मी म्हणत नाही. लांब राहणाऱ्या मुलांना आईचे रडणे व्हिडिओ कॉलवर पाहणे फार जड जाते आणि ते टळावे, असे त्यांना मनापासून वाटते.

एरवी अशा रुग्णांना फार आधीपासून सांगून चिंतेत ठेवू नये, तीन-चार दिवस आधी सांगितले तरी चालते, असे मी म्हटले असते. तुमच्या बाबतीत ते शक्य नाही, कारण शेजारच्या खाटा रिकाम्या होताना तिला दिसतील, बोचकी बांधली जातील, मावश्या आपसांत बोलतील, आणि काहीतरी घडते आहे पण मला कुणी सांगत नाही, ही अवस्था सर्वांत वाईट. त्यामुळे आताच सांगा, पण थोडक्यात आणि प्रत्येक वेळी त्याच शब्दांत: “आई, हा बंगला मालकाला परत द्यायचा आहे. सगळेच दुसरीकडे जाणार आहेत. तुझी सोय मी बघते आहे आणि मी तुझ्यासोबत येणार आहे.” तारीख, अंतर, पैसे यांचा तपशील नको. ती विसरेल आणि पुन्हा विचारेल. तेव्हा “कालच सांगितले ना” असे न म्हणता तीच वाक्ये पुन्हा म्हणा. ती चिडली, तर चिडू द्यावे. त्यात वावगे काही नाही, उलट शिकागोच्या अभ्यासाकडे पाहता मला तिच्या गप्प बसण्याची जास्त काळजी वाटेल.

आता घरी आणण्याविषयी. नातेवाइकांचे बोलणे तुम्हाला लागले आहे, हे पत्रातून कळते. पण तिसरा मजला, लिफ्ट नाही, घरात हृदयाचे दुखणे असलेले यजमान आणि दिवस-रात्र दोन मावश्या लागतील अशी आई, हे गणित प्रेमाने सुटत नाही. ब्युरोची बाई गणपतीला आणि दिवाळीला सुट्टीवर जाते, कधी न सांगता येत नाही, आणि त्या दिवशी आईला उचलण्याची वेळ यजमानांवर येईल. “सध्या थोडे दिवस घरी, मग बघू” हा पर्याय तर मी सर्वांत शेवटी ठेवेन. तो सोयीचा वाटतो, पण त्यात आईची दोन स्थलांतरे होतात: केंद्रातून घरी, आणि तिथे कुठे रुळते न रुळते तोच घरातून नव्या केंद्रात. एकदाच हलवायचे आणि जिथे ती पुढे राहू शकेल तिथेच हलवायचे, एवढा एक नियम पाळलात तरी पुष्कळ साधेल. जिना चढून आलेल्या आईला पुन्हा खाली उतरवण्यासाठी चार माणसे लागतील, हा साधा मुद्दाही सल्ला देणाऱ्यांपुढे ठेवून पाहा.

मग जागा कोणती? संचालकांची दुसरी शाखा केवळ लांब आहे म्हणून लगेच नाकारू नका आणि सोपी आहे म्हणून लगेच स्वीकारूही नका. आईला ओळखणाऱ्या मावश्यांपैकी कोणी त्या शाखेत खरोखर जाणार आहे का, हे संचालकांना न विचारता थेट मावश्यांना विचारा. त्यांतली एक जरी जाणार असेल, तर त्या शाखेच्या बाजूने मोठा मुद्दा आहे. कोणीच जाणार नसेल, तर नाव तेच असले तरी आईच्या दृष्टीने ती परकीच जागा, आणि मग ठाण्याहून तुम्हाला दर आठवड्याला जाता येईल असे ठिकाण बरे. नातेवाईक वारंवार आणि अवेळी येतात, तिथे काळजी अधिक चोख राहते, असे माझे निरीक्षण आहे. शोध घेताना हेही लक्षात ठेवा की, आपल्याकडचे बहुतेक वृद्धाश्रम स्वतःची कामे स्वतः करू शकणाऱ्यांनाच प्रवेश देतात. राज्य शासनाच्या मातोश्री वृद्धाश्रम योजनेची कल्पनाही हिंडत्या-फिरत्या वृद्धांसाठीची आहे. तुम्हाला डिमेन्शिया आणि पूर्ण शुश्रूषा स्वीकारणारे केंद्रच पाहावे लागेल, आणि ती संख्येने थोडी असल्याने फोनवरच पहिली चाळणी करा.

नवे केंद्र पाहताना लोक खोली, बाग, जेवण पाहतात; जागा कुणाची आहे, हे क्वचितच कुणी विचारते. तुम्ही विचारा. इमारत संस्थेच्या मालकीची आहे की भाड्याची, भाडेकराराची किती वर्षे उरली आहेत, आणि मालकाला पुनर्विकास करायचा झाला तर काय ठरले आहे? ब्रिटनमध्ये सदर्न क्रॉस नावाच्या कंपनीकडे सुमारे ७५० निवासगृहे आणि ३१,००० रहिवासी होते. इमारती विकून त्याच भाड्याने चालवण्याची पद्धत तिने अवलंबली होती, आणि वाढते भाडे न झेपल्याने २०११ मध्ये ती कोलमडली. एवढ्या मोठ्या कंपनीचे जे झाले, ते पौड रस्त्यावरच्या किंवा बदलापूरच्या एखाद्या बंगल्याचे सहज होऊ शकते. दुसरा प्रश्न रात्रीचा: रात्री दहा ते सकाळी सहा किती माणसांमागे किती मावश्या असतात, आणि तब्येत बिघडली तर कोणत्या रुग्णालयात, कुणाच्या गाडीने नेतात? उत्तर चाचरत आले, तर पुढची जागा पाहा.

केंद्र ठरले की कागदपत्रांपेक्षा मोठे काम सुरू होते. तुमच्या आईविषयीची खरी माहिती तिच्या फाइलमध्ये नाही, ती मावशीच्या डोक्यात आहे. गोळी ती केळ्याच्या कापातून घेते की मऊ भातातून, कोणत्या कुशीवर झोपते, आंघोळीला नाही म्हणाली तर कशाने राजी होते, तिला आजी म्हटलेले चालते की वहिनी म्हटलेले आवडते, पोट दुखत असले की सांगत नाही पण कपाळ चोळते, अशा गोष्टी कोणत्याही डिस्चार्ज कार्डावर लिहिलेल्या नसतात आणि मावशी निघून गेली की त्या कायमच्या जातात. तिच्याशेजारी तासभर बसून हे सगळे स्वतःच्या हाताने लिहून काढा. नव्या केंद्राची परवानगी असेल तर तिलाच पहिले तीन-चार दिवस पैसे देऊन सोबत न्या. या सगळ्या व्यवहारात याहून चांगला खर्च दुसरा नाही.

हलवण्याचा दिवस आठवड्याच्या सुरुवातीचा आणि वेळ सकाळची ठेवा. शनिवारी पोहोचलात तर पहिल्याच रात्री ताप आला तरी डॉक्टर भेटायला सोमवार उजाडतो, आणि संध्याकाळी डिमेन्शियाच्या रुग्णांची अस्वस्थता बहुधा वाढते. निघताना जुन्या आणि पोहोचल्यावर नव्या केंद्राने तिचे वजन, अंगावरची त्वचा, विशेषतः माकडहाड आणि टाचा, तपासून लेखी नोंद करावी, म्हणजे पुढे जखम दिसली तर ती कुठली यावर वाद होणार नाही. औषधांची यादी वेळेसह द्या आणि किमान १५ दिवसांच्या गोळ्या बरोबर ठेवा. गोधडी, उशी, देवांचा फोटो आणि रोजचा पेला ती पोहोचण्याआधीच खोलीत मांडून ठेवा. पलंगाची दिशा मात्र आधी पाहा: चार वर्षे ती रात्री उठून ज्या बाजूला वळून संडासाकडे गेली, त्याच बाजूला तिचे पाय नव्या खोलीतही वळतील, आणि तिथे भिंत असली तर ती पडेल. पलंग फिरवून घेता येत असेल तर घ्या, नसेल तर पहिला महिना रात्री दिवा आणि सोबत, दोन्ही हवे.

पहिल्या सहा आठवड्यांत ती कमी जेवेल, झोप बिघडेल, कदाचित तुम्हाला ओळखणारही नाही. यातले बरेच हळूहळू सावरते. पण एक-दोन दिवसांत अचानक बोलणे असंबद्ध झाले, दिवसभर गुंगी राहिली किंवा नसलेली माणसे दिसू लागली, तर “जागा बदलली म्हणून” असे कुणी म्हटले तरी ऐकू नका. अशा भ्रमामागे लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणे किंवा औषध चुकणे ही कारणे वारंवार असतात आणि त्यांवर इलाज आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

अनामतीचा प्रश्न आईच्या जागेच्या निर्णयात मिसळू देऊ नका. दोन लाख दुसऱ्या शाखेत वळते करून देतो, या आमिषावर अनेक कुटुंबे नको ती जागा घेतात. या बाबतीत आपला कायदा तोकडा आहे, हे मान्य करावे लागेल. अमेरिकेत नर्सिंग होम बंद करताना रहिवाशांना किमान ६० दिवस आधी लेखी सूचना द्यावी लागते आणि स्थलांतराची योजना राज्य शासनापुढे मांडावी लागते. इंग्लंडमध्ये केंद्र चालवणारी संस्था बुडाली तर तेवढ्यापुरती काळजीची जबाबदारी २०१४ च्या कायद्याने स्थानिक प्रशासनावर टाकली आहे. आपला ज्येष्ठ नागरिकांविषयीचा २००७ चा कायदा मुलांकडून मिळायच्या निर्वाहाबद्दल बोलतो, निराधारांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात वृद्धाश्रम काढण्याबद्दल बोलतो. खासगी केंद्राने दार लावण्यापूर्वी किती मुदत द्यावी, यावर त्यात काही नाही. म्हणून तुमच्या हातातला आधार म्हणजे तुम्ही सही केलेला करार आणि ग्राहक संरक्षण कायदा. करार काढून सूचनेची मुदत आणि अनामत परत करण्याची अट वाचा, आणि याच आठवड्यात संचालकांना ईमेल व रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवून बंद होण्याची तारीख, अनामत आणि आगाऊ भरलेल्या शुल्काचा उरलेला भाग कधी देणार, हे लेखी मागा. व्हॉट्सॲपवरचा निरोप तारखेसह जपून ठेवा. पैसे मिळाले नाहीत, तर २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे ठाण्यातच, ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. दोन वर्षांची मुदत असते, शुल्क नाममात्र आहे आणि वकील सक्तीचा नाही. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहा. केंद्र सार्वजनिक न्यासाचे असेल, तर धर्मादाय आयुक्तांकडेही अर्ज करता येतो. आणि हे सर्व काम भावाकडे द्या. पत्र लिहिणे, करार वाचणे, ऑनलाइन तक्रार भरणे, केंद्रांना फोन करून पहिली चाळणी करणे मेलबर्नला बसून उत्तम होते, आणि त्यालाही आपण काही करतो आहोत असे वाटेल. आईला काय आणि कधी सांगायचे, हे मात्र तिच्यासमोर बसणाऱ्या व्यक्तीने ठरवावे, हे त्याला स्पष्ट सांगा.

उरल्या शेजारच्या आजी. तुम्ही त्यांच्याबद्दल विचारलेत, यात आईचे हितही आहे, कारण दोघी एकाच केंद्रात, शक्य तर एकाच खोलीत गेल्या, तर आईसोबत एक ओळखीचा हात जाईल. त्यांची कायदेशीर जबाबदारी तुमच्यावर नाही आणि परस्पर त्यांना हलवण्याचा अधिकारही नाही, म्हणून सुरुवात पुतण्याच्या नावाच्या पत्राने करा: तुम्ही कोणते केंद्र पाहता आहात, तिथला खर्च किती, आणि दोघींना एकत्र ठेवण्याची तुमची तयारी आहे, एवढेच त्यात असावे. न येणारी माणसे पुष्कळदा पैसे भरायला नाही म्हणत नाहीत, फक्त पायपीट टाळतात, आणि ती कुणी वाचवली तर पटकन होकार देतात. त्याने उत्तर दिले नाही, तर आजींची पुढची सोय लावल्याशिवाय केंद्राला हात झटकता येणार नाहीत, हे संचालकांना लेखी कळवा आणि ज्येष्ठ नागरिकांच्या १४५६७ या हेल्पलाइनवर त्यांची माहिती द्या. त्याचबरोबर उपविभागीय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात, जिथे ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या २००७ च्या कायद्याखालील न्यायाधिकरण चालते, आणि जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात अर्ज देऊन दोन्हीकडे पोहोच घ्या. हे अर्ज केंद्र रिकामे होण्याच्या आधी, आजींचा राहता पत्ता अजून तोच असताना, जायला हवेत.